गृहीतक आणि युक्तिवाद: न बोललेलं वाक्य शोधायचं कसं

‘उद्या नळाला पाणी आहे, आज संध्याकाळीच टाकी धुऊन घे.’

सोलापुरातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असं हे वाक्य. यावर परीक्षेत येतो तसा प्रश्न करू. या विधानामागे कोणतं गृहीतक दडलेलं आहे? पर्याय पहिला: उद्या येणारं पाणी या टाकीत भरायचं आहे. पर्याय दुसरा: शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं.

हा प्रश्न टाकला की सोलापूरकर पोरांचे बहुतेक हात दुसऱ्या पर्यायाला वर होतात. साहजिकच आहे. पाण्याच्या पाळीवर ज्यांच्या घरचं धुणं, पाहुणे आणि लग्नाच्या तारखासुद्धा ठरतात, त्यांना ते वाक्य दिसताक्षणी पटतं. पण ते गृहीतक नाही. समजा, उद्यापासून शहराला रोज पाणी मिळू लागलं. तरी ‘उद्या पाणी आहे, टाकी धुऊन घे’ या सांगण्यात काही बिघडतं का? काहीच नाही. आता पहिला पर्याय उलटा करून बघा: उद्याचं पाणी या टाकीत भरायचंच नाही. मग टाकी धुवायला सांगण्याचं कारणच उरत नाही. म्हणून पहिला पर्याय गृहीतक, दुसरा नाही.

एखादी गोष्ट खरी असणं वेगळं आणि बोलणाऱ्याने ती गृहीत धरलेली असणं वेगळं. या प्रकारातले बहुतेक गुण याच फटीतून गळतात. गृहीतक आपल्या डोक्यात नसतं, बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं. आणि तेही त्याच्या डोक्यातलं सगळं नाही. त्याचं वाक्य उभं राहायला कमीत कमी जेवढं लागतं तेवढंच.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सी-सॅट म्हणतात, तो 80 प्रश्नांचा, 200 गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि त्यातही उताऱ्यांचा वाटा मोठा. हा पेपर आता पात्रतेपुरता आहे, 33 टक्के म्हणजे 66 गुण पुरतात. त्यामुळे पोरं थोडी ढिली पडतात. पण प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकल्यावर त्याचा पाव हिस्सा कापला जातो, हे गणित लक्षात ठेवलेलं बरं. बँकांच्या परीक्षांत, विशेषतः मुख्य परीक्षेत, विधान-गृहीतक आणि विधान-युक्तिवाद हे प्रकार जुने आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग हेच उताऱ्याच्या पोटात घालून विचारतो. नाव काहीही असो, खाली कौशल्य एकच आहे.

धूर, डोंगर आणि गाळलेली पायरी

हे कौशल्य काही परदेशातून आलेलं नाही. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची तर ती पाच पायऱ्यांनी मांडायची पद्धत होती: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यांचं ठरलेलं उदाहरण डोंगरावरच्या आगीचं. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण तिथे धूर आहे. उदाहरण: जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, जसं स्वयंपाकघरात. मग उपनय, म्हणजे या डोंगरावरही तसाच धूर आहे. आणि निगमन, म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

आपण रोजच्या बोलण्यात यातलं काय बोलतो? ‘डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे आग लागलीय.’ बस. पहिल्या दोन पायऱ्या बोललो, तिसरी गिळली. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे कोणी बोलत नाही, कारण ते सगळ्यांना मान्य असतं असं आपण धरून चालतो. गिळलेली ती तिसरी पायरी म्हणजेच गृहीतक. जुन्या तार्किकांनी ती तोंडाने बोलायलाच लावली होती, म्हणजे समोरच्याला तिथेच बोट ठेवता यावं. पेपर काढणारा हेच करतो: ती पायरी गाळतो आणि विचारतो, सांगा कुठली होती.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे आणखी एक गमतीचं उदाहरण आहे. देवदत्त लठ्ठ आहे, पण दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवत असणार. याला ते अर्थापत्ती म्हणत आणि ज्ञान मिळवण्याचं स्वतंत्र साधन मानत. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणत, वेगळं काही नाही, हे अनुमानातच बसतं. तो वाद सोडून देऊ. आजच्या पोराला हे सांगितलं तर तो पटकन म्हणतो, थायरॉइड असेल की! हसू येतं, पण त्याने नकळत नेमकं गृहीतक पकडलेलं असतं. ‘न जेवता कोणी लठ्ठ राहत नाही’ हे न बोललेलं वाक्य काढून घेतलं की देवदत्ताचं रात्रीचं जेवण सिद्ध होत नाही.

उलटं करून बघा, पण नीट उलटं करा

वर टाकीच्या वाक्यावर जे केलं ती नकाराची कसोटी. पर्याय उलटा करायचा, विधानाशेजारी ठेवायचा आणि बघायचं: विधान कोसळतं का? कोसळलं तर तो पर्याय गृहीतक. डगमगलं नाही तर नाही. ही कसोटी सगळ्यांना माहीत असते, क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. अडचण कसोटीत नसते, उलटं करण्यात असते.

एक प्रश्न घेऊ. विधान: ‘सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी मिरवणूक मार्गावरील वाहतूक बंद राहील. वाहनचालकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ गृहीतकं अशी दिली आहेत. एक: पर्यायी मार्ग उपलब्ध आहे. दोन: सर्व वाहनचालक ही सूचना पाळतील. तीन: मिरवणूक आणि वाहतूक त्या मार्गावर एकाच वेळी सुरळीत चालणं कठीण आहे.

एक आणि तीन सोपी आहेत. पर्यायी मार्गच नसेल तर तो वापरा म्हणण्याला अर्थ नाही. आणि दोन्ही एकाच वेळी आरामात चालणार असतील तर बंदी कशाला? ज्याने जानेवारीत ते उंच नंदीध्वज आणि त्यांच्याभोवतीची गर्दी पाहिली आहे त्याला तिसरं सांगावं लागत नाही. पण लक्षात घ्या, आपण ते पाहिलंय म्हणून तीन बरोबर ठरत नाही. ते उलटं केल्यावर सूचना निरर्थक होते म्हणून बरोबर ठरतं.

खरी मेख दुसऱ्यात आहे. ‘सर्व वाहनचालक पाळतील’ याच्या उलट काय? पुष्कळ जण घाईत म्हणतात, ‘कोणीच पाळणार नाही.’ मग पुढचा विचार ओघाने येतो: कोणीच पाळणार नसेल तर सूचना काढायची कशाला, म्हणजे विधान कोसळलं, म्हणजे हे गृहीतक आहे. उत्तर चुकलं. ‘सर्व पाळतील’ याचा नकार ‘काही जण तरी पाळणार नाहीत’ एवढाच असतो. काही जण पाळणार नाहीत, घुसवणारे घुसवतीलच; म्हणून काय वाहतूक शाखेने सूचना काढू नये? सूचना ठणठणीत उभी राहते. दुसरं गृहीतक नाही.

नकाराचे नियम मोजकेच आहेत. ‘सर्व’चा नकार ‘किमान एक नाही’. ‘काही’चा नकार ‘एकही नाही’. ‘फक्त अमुक’चा नकार ‘अमुकखेरीज आणखीही’. ‘नेहमी’चा नकार ‘कधीतरी नाही’. बस, एवढंच. तोंडपाठ करण्यापेक्षा रोज दोन-चार वाक्यं उलटी करून बघितली तरी हात बसतो.

याच सूचनेमागे आणखी एक गृहीतक आहे जे पर्यायांत वेगवेगळ्या रूपांत येत असतं: सूचना लोकांपर्यंत पोहोचेल आणि त्यातले बरेच जण ती मानतील. कुठलीही जाहीर सूचना, आवाहन, जाहिरात यामागे हे असतंच. पेपर काढणाऱ्यांचा हा एक प्रकारचा संकेत म्हणा. अभ्यासिकेची जाहिरात ‘चोवीस तास वीज, पूर्ण शांतता’ असं सांगते, तेव्हा विद्यार्थी या गोष्टींना महत्त्व देतात हे गृहीत असतं. पण इतर अभ्यासिकांमध्ये गोंगाट असतो, हे नाही. स्वतःची बढाई मारणाऱ्याने दुसऱ्याची निंदा केलीच असं होत नाही.

टोकाच्या शब्दांची भीती

‘सर्व, फक्त, नेहमी, कधीच, निश्चितच असे शब्द दिसले की पर्याय खोडा.’ हा सल्ला इतका पसरलाय की पेपर काढणाऱ्यांच्याही कानावर गेला असणार. अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा धोक्याचा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं; टेरी टॉवेललाही आहे. विधान असं धरू: ‘सोलापुरी चादर घेताना मानांकनाचा शिक्का पाहूनच घ्या.’ पर्याय: शिक्का नसलेली प्रत्येक चादर बनावट असते. इथे ‘प्रत्येक’ आला म्हणून खोडलं तर उत्तर बरोबरच येईल. समजा शिक्का नसलेल्या काही चादरीही अस्सल आहेत. तरी शिक्का पाहून घ्या हा सावधगिरीचा सल्ला टिकतो. सोलापुरी नसलेला माल त्या नावाने विकला जाण्याची शक्यता आहे, एवढं मात्र गृहीत आहे, आणि गिऱ्हाइकाला शिक्का ओळखता येतो, हेही. शिक्क्याची चादर जास्त वर्षं टिकते, हे नाही. टिकण्याबद्दल विधानात चकार शब्द नाही.

आता विधान थोडं बदलू: ‘हिच्यावर शिक्का नाही, म्हणजे ही अस्सल सोलापुरी चादर नाहीच.’ पर्याय तोच: शिक्का नसलेली प्रत्येक चादर बनावट असते. आता उलटा करा. शिक्का नसलेल्या काही चादरी अस्सल असतात. मग ही त्या काहींतली नाही कशावरून? विधान जागच्या जागी कोसळलं. तोच ‘प्रत्येक’, तोच पर्याय, पण आता गृहीतक. कारण बोलणाऱ्याने निष्कर्षच टोकाचा काढला. विधान टोकाचं असेल तर त्याला टेकूही टोकाचाच लागतो. म्हणून आधी पर्यायातला ‘सर्व’ बघायचा नसतो. विधानात तेवढा जोर आहे का, ते आधी बघायचं.

आणखी एक वळण. ‘हिच्यावर शिक्का आहे, म्हणजे ही अस्सलच’ असं कोणी म्हणालं तर? यामागचं गृहीतक वरचं नाही. यामागे ‘बनावट चादरीवर हा शिक्का नसतो’ हे आहे. पहिल्या वाक्याला ‘अस्सल असेल तर शिक्का असतो’ हवं, दुसऱ्याला ‘शिक्का असेल तर अस्सल असते’. दिसायला जुळी भावंडं, पण एकावरून दुसरं निघत नाही. पर्यायांत ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि घाईत वाचणारा पहिलं दिसेल ते उचलतो.

मराठी माध्यमातून पेपर देणाऱ्याने ‘च’ या एका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, कारण सगळा तर्क तिथे फिरतो. ‘पास असेल तर आत सोडतील’ म्हणजे पास पुरेसा आहे. ओळखीवरही सोडत असतील. ‘पास असेल तरच आत सोडतील’ म्हणजे पासाशिवाय प्रवेश नाही. पण पास असूनही न सोडण्याची शक्यता उरतेच. ‘हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही, पुण्याला एसटीने जाईन’ आणि ‘हुतात्माचं तिकीट मिळालं नाही, पुण्याला एसटीनेच जावं लागेल’ यातल्या दुसऱ्या वाक्यामागे बाकीचे पर्याय, म्हणजे दुसरी गाडी, खाजगी बस, मित्राची कार, त्याच्यापुरते बंद आहेत हे गृहीत आहे. पहिल्यामागे नाही.

‘अमुकमुळे तमुक’ म्हणणारी विधानं

एक काल्पनिक विधान: ‘नवी पेठेत चारचाकींना बंदी केली आणि यंदा दुकानदारांची विक्री घटली. म्हणजे बंदीमुळे गिऱ्हाईक कमी झालं.’

इथे ‘म्हणजे’ या शब्दाच्या अलीकडे कारण आहे आणि पलीकडे दावा. अशा विधानात आधी ही शिवण शोधायची: म्हणून, त्यामुळे, यावरून, सबब, कारण. ‘कारण’ आला की बाजू उलट होते, दावा आधी आणि आधार नंतर, एवढं ध्यानात ठेवा. शिवण सापडली की गृहीतक कुठे आहे ते कळतं, कारण ते नेहमी त्या दोघांच्या मध्येच असतं.

या मधल्या जागेत दोन जातींची गृहीतकं राहतात. एक जोडणारी. आधारात ‘विक्री’ आहे, दाव्यात ‘गिऱ्हाईक’ आहे. दोन शब्द वेगळे. तेवढंच गिऱ्हाईक येऊन प्रत्येकाने कमी खरेदी केली असेल तर? म्हणून ‘विक्री घटली याचा अर्थ येणारे कमी झाले’ हा पूल बोलणाऱ्याने मनात बांधलेला आहे. दाव्यात अचानक नवा शब्द आला की पूल शोधायचा.

दुसरी जात अडथळा दूर ठेवणारी. विक्री घटायला दुसरं काही कारण नाही, हे इथे धरलेलं आहे. सोलापूरची बाजारपेठ आजूबाजूच्या तालुक्यांतल्या खेड्यांवर चालते. यंदा पावसाने दगा दिला असेल, ज्वारी-तुरीला भाव नसेल, तर खेड्यातलं गिऱ्हाईक चारचाकी बंदी असो नसो, पेठेत यायचंच नाही. हा अडथळा आत घेतला की दावा गेला. म्हणून ‘यंदा पाऊसपाणी नेहमीसारखं होतं’ यासारखा पर्याय, जो वरवर पूर्णपणे विषयाबाहेरचा वाटतो, तोच गृहीतक असू शकतो. हुशार पोरं नेमकी इथे घसरतात. त्यांनी ‘विधानात नाही ते गृहीतक नाही’ असं पाठ केलेलं असतं. विधानात नसतं म्हणूनच तर ते गृहीतक!

निष्कर्ष आणि गृहीतक यांचा घोळ मात्र लवकर निस्तरता येतो. गृहीतक विधानाच्या आधी येतं, विधान त्याच्यावर उभं असतं. निष्कर्ष विधानाच्या नंतर येतो, तो विधानावर उभा असतो. ‘या दुकानातल्या सगळ्या चादरींवर शिक्का आहे आणि ही चादर याच दुकानातली’ यावरून ‘हिच्यावर शिक्का आहे’ हा निष्कर्ष निघतो. त्याला गृहीतक म्हणायचं कारण नाही.

केंद्रीय आयोगाच्या पेपरात उताऱ्याखाली ‘यावरून पुढील गृहीतके केली आहेत, त्यांपैकी वैध कोणती’ असं विचारतात. तिथे पर्यायांत गृहीतकं आणि अनुमानं सरमिसळ होऊन येतात, हे मला फारसं पटत नाही, पण तसं आहे. तिथे धोरण एकच: लेखकाने उताऱ्यात जे म्हटलंय त्याला आधार देणारं किंवा त्यातून अटळपणे येणारं तेवढंच घ्यायचं. उतारा शेतीवर असला आणि आपल्या घरी पाच एकर ऊस असला, तरी तो ऊस परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवायचा.

युक्तिवाद: पटणं आणि प्रबळ असणं

आता दुसरा प्रकार. प्रश्न: ‘शहरातल्या प्रत्येक नळजोडणीला मीटर बसवावेत का?’ खाली युक्तिवाद, आणि आपण ठरवायचं, प्रबळ कोणता, कमकुवत कोणता. सूचनेत बहुधा असं लिहिलेलं असतं: प्रबळ युक्तिवाद म्हणजे जो महत्त्वाचा आहे आणि प्रश्नाशी थेट संबंधित आहे. ही ओळ कोणी वाचत नाही. सगळे थेट आपलं मत द्यायला बसतात.

अभ्यासिकेबाहेर टपरीवर हा विषय निघाला तर काय होतं बघा. एकजण म्हणतो, ‘मीटर कशाला बे, आधी रोज पाणी तर दे म्हणावं.’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या गल्लीत सगळ्यांनी नळाला मोटारी लावल्यात. शेवटच्या घराला थेंब येत नाही. मीटर लागू दे की, मग कळेल.’ दोघांच्याही म्हणण्यात जीव आहे, पण परीक्षेच्या तराजूत घालण्याआधी ते जरा साफ करावं लागेल. पहिल्याने प्रश्नाला उत्तरच दिलेलं नाही. हे आधी की ते आधी, एवढंच म्हटलंय. रोज पाणी नसताना मीटर का चालणार नाही हे त्याने सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्याच्या रागातून मात्र एक कारण बाहेर काढता येतं: जास्त पाणी ओढणाऱ्याला जास्त बिल येईल, म्हणून बेसुमार उपसा कमी होईल. हे महत्त्वाचं आहे, प्रश्नाला धरून आहे. प्रबळ.

आता पेपरातल्यासारखे युक्तिवाद. ‘हो, मोजलेलं पाणी जपून वापरलं जातं आणि गळती कुठे आहे हे शोधायला मदत होते.’ प्रबळ. ‘नाही, पाणी ही निसर्गाची देणगी आहे.’ कमकुवत. ‘हो, मोठ्या शहरांत आहेत, मग आपल्याकडे का नकोत?’ कमकुवत. ‘नाही, जिथे पुरवठा सलग नसतो तिथे पाणी यायच्या आधी पाइपातली हवा जोराने बाहेर पडते आणि तिनेही मीटर फिरतो, त्यामुळे बिल वापराशी जुळत नाही.’ प्रबळ. ‘हो, मीटर लागले की शहराची पाणीटंचाई कायमची संपेल.’ कमकुवत.

‘हो’ची बाजू घेणाराही प्रबळ आणि ‘नाही’ची घेणाराही प्रबळ, हे कसं? असं विचारणारा दरवेळी कोणीतरी भेटतो. अहो, आपण निर्णय देत नाही आहोत. निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाने जी गोष्ट विचारात घेतलीच पाहिजे, ती प्रबळ. अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन्ही बाजूंची अशी कारणं असतात, म्हणून तर ही परीक्षा आहे. पर्यायांत ‘दोन्ही प्रबळ’ असेल तर त्याला घाबरायचं नाही.

आणि आता या लेखातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट. युक्तिवाद तपासायचा तर त्याच्यामागचं गृहीतक काढा. दोन प्रकारचे प्रश्न वेगळे वाटतात, पण ते एकाच फटीकडे दोन बाजूंनी बघतात. गृहीतकाचा प्रश्न विचारतो, फट कशाने भरली आहे. युक्तिवादाचा प्रश्न विचारतो, भरलेला माल चांगला आहे का. ‘मोठ्या शहरांत आहेत’ यामागचं न बोललेलं वाक्य: जे दुसऱ्या शहरांनी केलं ते आपल्यालाही योग्यच असतं. मोठ्याने म्हटलं की हसू येतं, म्हणून कमकुवत. ‘निसर्गाची देणगी’ यामागे: निसर्गातून आलेल्या गोष्टीचा पैसा घ्यायचा नसतो. मग उजनीतून पाणी उपसायचं, शुद्ध करायचं आणि घरापर्यंत आणायचं वीजबिल कोणी भरायचं? कमकुवत. ‘टंचाई कायमची संपेल’ यामागे: टंचाईचं एकमेव कारण घरातला वापर आहे. धरण, पाइपलाइन, साठवण टाक्या सगळं त्याने एका फटक्यात विसरून टाकलं. आणि हवेच्या युक्तिवादामागे? पुरवठा सलग नाही आणि हवा काढून टाकायची काही सोय केलेली नाही, एवढंच. विचार करावा असं आहे, म्हणून प्रबळ.

मधल्या रंगाचे युक्तिवादही येतात. ‘नाही, मीटरचा खर्च गरीब कुटुंबांना परवडणार नाही.’ महत्त्वाचं? हो. संबंधित? हो. पण मीटरचा खर्च घरमालकानेच करायचा हे प्रश्नात कुठे आहे? महापालिका करेल, हप्ते देईल. अशा वेळी मी बाकीचे पर्याय बघतो. बाकीचे धडधडीत कमकुवत असतील तर हा प्रबळ धरतो. शेजारी याहून थेट कारण बसलेलं असेल तर याला मागे ठेवतो. सगळे प्रश्न काटेकोर तर्कावर सुटतात असं म्हणणं फसवणूक होईल.

परंपरा आहे म्हणून, अमुक नेत्याने म्हटलंय म्हणून, लोकांना आवडतं म्हणून, या तीन कारणांवर उभा असलेला युक्तिवाद बहुधा पडतो. पण प्रश्नच लोकांच्या पसंतीबद्दल असेल, उदाहरणार्थ एखाद्या रस्त्याचं नाव बदलावं का, तर ‘तिथे राहणाऱ्या लोकांचा विरोध आहे’ हे थेट संबंधित होतं. विधान आणि कार्यवाही, म्हणजे अडचण देऊन कोणती कृती योग्य असं विचारणारा प्रश्न, हा तिसरा भाऊबंद आहे, त्याला दोनच गोष्टी विचारा: ही कृती अडचण कमी करते का, आणि ती व्यवहारात करता येते का. फार खोलात जायची गरज नाही.

सराव कशावर करायचा, तर आयोगाच्या आणि बँकांच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर. बाजारातल्या पुस्तकांत एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन उत्तरं सापडतात, कारण पुष्कळांनी प्रश्न एकमेकांतून उचललेले असतात आणि कसोटी कोणीच लावलेली नसते. पुस्तकातलं स्पष्टीकरण ‘हे विधानावरून स्पष्ट आहे’ एवढंच असेल तर ते स्पष्टीकरण नव्हे. त्यापेक्षा वर्तमानपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार घ्या. रागाने लिहिलेल्या प्रत्येक पत्रात दोन-तीन न बोललेली वाक्यं हमखास असतात, आणि ती काढायला अडीच गुणांचं दडपण नसतं.

राज्यसेवेच्या परीक्षेनंतर राज्याचा आयोग पहिली उत्तरतालिका लावतो आणि हरकती मागवतो. तर्कावरच्या प्रश्नांवर हरकत घेताना ‘आमच्या सरांनी वेगळं सांगितलं’ याला काही वजन नसतं. हरकत अशी लिहायची: ‘पर्याय दोनचा नकार असा होतो: काही वाहनचालक सूचना पाळणार नाहीत. हा नकार मान्य केला तरी मूळ सूचना निरर्थक ठरत नाही. म्हणून पर्याय दोन हे विधानाचे आवश्यक गृहीतक नाही.’ तीन वाक्यं, पुढे संदर्भ म्हणून आयोगाच्याच जुन्या प्रश्नाचं वर्ष आणि क्रमांक, आणि हे सगळं दिलेल्या मुदतीच्या आत, शेवटच्या रात्री संकेतस्थळ अडकण्याआधी.